शेगडीवरच्या डागांचं कूळ

चुलीवरचे डाग कुणी काढत नसे. दूध उतू गेलं, पेज सांडली, आमटीचे शिंतोडे उडाले, तरी दुसऱ्या दिवशी सकाळी चुलीवरून पोतेरं फिरलं की कालचं सगळं शेणमातीच्या पातळ थराखाली गडप व्हायचं. डाग ‘काढायची’ कटकट आली ती चकचकीत पृष्ठभागांबरोबर. आधी पितळी स्टोव्ह आला, मग स्टेनलेस स्टीलची गॅसची शेगडी आणि अलीकडे काळ्या काचेची. पृष्ठभाग जितका गुळगुळीत, तितका त्यावरचा डाग डोळ्यांत खुपतो. काळ्या काचेवर तर साध्या पाण्याचा थेंब वाळला तरी ओट्याजवळ येणाऱ्या पाहुण्याला तो आधी दिसतो.

डाग दिसला की बहुतेकांचा हात घासणीकडे जातो आणि मग खांद्यात असेल नसेल तेवढा जोर लावला जातो. डाग जातोही, पण पुष्कळदा चकाकी बरोबर घेऊन जातो. माझ्या मते जोराचा नंबर सगळ्यात शेवटी लागावा. डाग कशाचा आहे ते आधी बघायचं, त्याला मानवेल ते द्रव्य लावायचं आणि मग त्याला वेळ द्यायचा. दुधाचा डाग, तेलाचा डाग आणि बोअरच्या पाण्याचा डाग यांची कुळं वेगळी आहेत. एकाला जे लागू पडतं त्यानं दुसरा ढिम्म हलत नाही.

दुधापासून सुरुवात करू, कारण उतू जाण्यात त्याचा हात धरणारं दुसरं कुणी नाही. दूध तापू लागलं की त्यातली काही प्रथिनं सत्तर-पंचाहत्तर अंशांच्या आसपास उलगडतात, केसीनला आणि स्निग्धांशाला बिलगतात आणि वर साय धरू लागते. खालून वाफेचे बुडबुडे येतच असतात, पण सायीचं झाकण त्यांना सहज फुटू देत नाही. ते खाली साठत जातात आणि मग सगळा फेस साय डोक्यावर घेऊन काठाबाहेर पडतो. बर्नरभोवतीचा पत्रा तेव्हा चांगलाच तापलेला असतो. दुधातलं पाणी काही सेकंदांत उडून जातं. मागे राहतात प्रथिनं, लॅक्टोज ही दुधातली साखर, थोडं तूप आणि कॅल्शियमचे क्षार.

प्रथिनं आणि साखर एकत्र तापली की तांबूस रंग आणि खमंग वास येतो. फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ लुई कामिय मायार यानं १९१२ साली या अभिक्रियेचं वर्णन केलं, म्हणून ती त्याच्या नावानं ओळखली जाते. साताऱ्याच्या कंदी पेढ्याचा तांबूसपणा हिचाच. पेढ्यात हलवाई ती योग्य वेळी थांबवतो, शेगडीवर तिला थांबवणारं कुणी नसतं आणि ती कोळशापर्यंत जाते. त्यात दुधाच्या प्रथिनांपैकी सुमारे ८० टक्के केसीन, आणि केसीन म्हणजे अस्सल सरस. पहिल्या महायुद्धातल्या लाकडी विमानांचे भाग जोडायला केसीनचाच सरस वापरत. आपल्या शेगडीवरून ते सहजासहजी निघत नाही यात नवल नाही.

पण या सरसाची एक दुखरी नस आहे. तो पाण्यानं फुगतो. गॅस बंद करून पत्रा कोमट होऊ द्यावा. जुनं सुती फडकं गरम पाण्यात बुडवावं, त्यावर भांडी घासायच्या लिक्विडचा थेंब टाकावा आणि चार पदरी घडी करून ती डागाच्या कड्यावर बसवावी. फडकं वाळू नये म्हणून वर ताटली पालथी घालावी. अर्ध्या तासानं उचलून पाहिलं तर काळं कडं कडेनं फिकट, तपकिरी आणि लिबलिबीत झालेलं दिसतं. काही ठिकाणी ते पत्र्यापासून सुटून किंचित वर उचललेलं असतं. तिथून मुदत संपलेल्या एखाद्या प्लास्टिकच्या कार्डाची कड आडवी धरून सरकवली की साल निघते. जिथं निघत नाही तिथं पुन्हा फडकं. आतून पांढरट ठसा उरला तर तो कॅल्शियमचा. त्याला लिंबाची फोड पुरते.

भाताची पेज याच घरातली, पण स्वभावानं गरीब. पिठूळ पाणी वाळलं की त्याची खळ होते आणि ती नुसत्या भिजण्यानं सुटते. कुकरच्या शिट्टीतून उडणारे वरणाचे पिवळे शिंतोडे दिसायला भयंकर असतात, पण ते त्याच दिवशी ओल्या फडक्यानं पुसले तर त्रास देत नाहीत. राहून गेले तर त्यातलं मीठ स्टीलला काय करतं ते पुढे येईलच.

खरा हट्टी डाग तेलाचा. आणि तो कधी पडला हेच कळत नाही, कारण त्याला उतू जावं लागत नाही.

फोडणी करताना मोहरीच्या दाण्यातल्या ओलाव्याची वाफ होते. पाण्याची वाफ झाली की तिला मूळ पाण्याच्या सोळाशेपट तरी जागा लागते. दाणा फुटतो आणि भोवतीचं तेल उडवतो. धुतलेला कढीपत्ता टाकला तर पानावरचं पाणी हेच काम आणखी जोरात करतं. मोठे थेंब कढईच्या आसपास पडतात आणि आपण ते पुसतो. डोळ्यांना न दिसणारे बारीक थेंब मात्र तरंगत जाऊन शेगडीच्या मागच्या पट्टीवर, बटणांच्या खाचेत आणि टाइल्सवर बसतात. तिथं तेलाचा इतका पातळ पापुद्रा होतो की हवेतला ऑक्सिजन त्याला सगळीकडून भिडतो. तेलाच्या रेणूंमधल्या दुहेरी बंधांवर ऑक्सिजनचा हल्ला होतो, रेणू एकमेकांना जोडले जातात आणि काही दिवसांत त्यांचं जाळं विणलं जातं. उष्णतेनं हे सगळं वेगात होतं. आधी बोटाला चिकट लागणारा थर, मग पिवळट, शेवटी कडक आणि तपकिरी. आता ते तेल उरलेलंच नसतं. तो रंगाऱ्याच्या कामाचा व्हार्निश झालेला असतो. चित्रकार तैलरंगात जवसाचं तेल वापरतात ते याच गुणासाठी, आणि बिडाच्या तव्याला तेल लावून तापवून आपण जो काळा तुकतुकीत थर मुद्दाम चढवतो तोही हाच. तव्यावर त्याचं कौतुक, शेगडीवर त्याचा वैताग.

कुठलं तेल किती लवकर असं ‘वाळतं’ याचा अंदाज आयोडीन मूल्यावरून येतो. तेलात दुहेरी बंध जितके जास्त तितका हा आकडा मोठा. खोबरेलाचा दहाच्या आसपास, शेंगदाण्याच्या तेलाचा नव्वदच्या आसपास, सूर्यफूल आणि जुन्या पारंपरिक करडईचा सव्वाशे ते दीडशेच्या दरम्यान, जवसाचा १७० च्या वर. दक्षिण कोकणात आणि गोव्यात जिथं रोजचा स्वयंपाक खोबरेलात होतो, तिथं शेगडीवर ओशटपणा येईल, थंडीत तो गोठून पांढरा दिसेल, पण गरम पाणी आणि साबणानं तो निघून जातो. सूर्यफुलाच्या तेलावर पुऱ्या-चकल्या तळणाऱ्या घरात दिवाळीनंतर महिनाभर काही केलं नाही, तर मागच्या पट्टीवर नखानंही न निघणारा थर सापडतो. तेल बदला असं मी म्हणत नाही, डागासाठी खाण्यात बदल करण्याइतकी कुठलीच शेगडी मोलाची नसते. पण तळणीच्या दिवशीच रात्री गरम पाण्यानं पुसणं आणि दोन आठवड्यांनी पुसणं यांत जमीन-अस्मानाचा फरक का पडतो, हे यावरून कळतं.

या व्हार्निशला पाणी भिजवू शकत नाही. त्याला लागतो अल्क. आपल्या आज्या राखेनं भांडी घासत त्यात दोन गोष्टी होत्या: राखेतले बारीक कण खरवडायचे आणि तिच्यातलं पोटॅशियम कार्बोनेट ओशटपणा सोडवायचं. आजच्या घरात त्याच जागी आहे धुण्याचा सोडा, म्हणजे सोडियम कार्बोनेट. खायचा सोडा त्याचा सौम्य भाऊ. खायच्या सोड्याच्या द्रावणाचा सामू जेमतेम ८.३, धुण्याच्या सोड्याचा ११ च्या वर. सामूचं मोजमाप दहाच्या पटीत चढतं, म्हणजे एक अंक वर गेला की अल्कता दहापट. या दोघांत ताकदीचं अंतर शेकडोपट आहे. चिकट तेलावर खायचा सोडा चोळून हात दुखवून घेणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावं. खायचा सोडा निरुपयोगी नाही, त्याचे कण मऊ असल्यानं काच न खरवडता घासायला तो छान. पण जुनं तेल फोडायची त्याची ऐपत नाही.

धुण्याचा सोडा जवळच्या दुकानात मिळाला नाही तर खायच्या सोड्यापासून तो घरी होतो. कोरड्या लोखंडी कढईत खायचा सोडा मध्यम आचेवर परतत राहिलं की तो पाणी उकळावं तसा खदखदतो. त्यातून पाण्याची वाफ आणि कार्बन डायऑक्साइड निघून जातात आणि मागे उरतं सोडियम कार्बोनेट. १०० ग्रॅम सोड्याचे ६३ ग्रॅम होतात. खदखदणं पूर्ण थांबलं की झालं. ही पूड त्वचेला झोंबते, म्हणून हातमोजे हवेत, आणि डब्यावर ठळक नाव लिहावं. कुणी ढोकळ्यात घालू नये.

एक पसरट भांडं घ्यावं, त्यात लिटरभर कढत पाणी आणि दोन मोठे चमचे धुण्याचा सोडा. शेगडीच्या लोखंडी किंवा स्टीलच्या जाळ्या त्यात रात्रभर बुडवून ठेवाव्यात. सकाळी पाणी चहासारखं झालेलं असतं आणि जाळीवरचा थर ब्रशनं निघतो. शेगडीच्या पट्टीवर मात्र पाणी साठत नाही, म्हणून तिथं सोड्याच्या पाण्यात भिजवलेलं फडकं चिकटवून ठेवायचं. ॲल्युमिनियमच्या भागांना हे पाणी लावू नये. बर्नरचे खालचे भाग पुष्कळ शेगड्यांत ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूचे असतात आणि सोड्यानं ते काळे पडतात. कॉस्टिक सोड्यात तर ॲल्युमिनियम चक्क विरघळतं आणि हायड्रोजन वायू निघतो. चिमणी साफ करणारे कारागीर कॉस्टिक वापरतात, पण त्यांच्या हाताला त्याची सवय आहे आणि डोळ्यांना चष्मा. निदान असावा.

इथंच एका लोकप्रिय खेळाबद्दल बोललं पाहिजे. मोबाइलवरच्या चित्रफितींत शेगडीवर खायचा सोडा पसरतात, वरून व्हिनेगर ओततात, फसफसून फेस येतो आणि पुढच्याच क्षणी शेगडी लख्ख. फेस बघायला मजा येते, पण तो आहे कार्बन डायऑक्साइडचा. अल्क आणि आम्ल एकमेकांना मारून टाकतात आणि उरतं सोडियम ॲसिटेटचं मचूळ पाणी, ज्याला ना तेल जुमानतं ना क्षार. बुडबुड्यांनी एखादा सैल कण हलत असेल तेवढाच. ज्याला अल्क हवा त्याला आधी अल्क द्यावा, तो पुसून काढावा, मग आम्लाची गरज असेल तर ते वेगळं लावावं. एकत्र ओतून दोन्ही वाया घालवण्यात कसला शहाणपणा?

सोडा लावल्यावर पिवळा डाग अचानक लालभडक झाला तर घाबरू नये. ती हळद आहे. हळदीतलं कुर्कुमिन अल्कात लाल होतं, हळद आणि चुना यांपासून कुंकू होतं ते याच कारणानं. धुऊन टाकलं की रंग पुन्हा पिवळ्यावर येतो. काचेला किंवा स्टीलला हळद धरत नाही, पण पांढऱ्या प्लास्टिकच्या बटणांत आणि टाइल्सच्या सांध्यांत ती मुरते. कुर्कुमिन पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, तेलात विरघळतं आणि उन्हात विटतं. बटणं ओढून काढता येत असतील तर तेलाचं बोट लावून, मग साबणानं धुऊन दोन-तीन दिवस उन्हात ठेवणं हा त्यावरचा सगळ्यात आळशी आणि उत्तम उपाय.

जोर, द्रव्य, उष्णता आणि वेळ यांचा हिशेब जर्मनीत हेंकेल कंपनीतल्या हर्बर्ट सिन्नर या तज्ज्ञानं १९५९ मध्ये एका वर्तुळात मांडला. विषय कपडे धुण्याचा होता, पण लागू पडतो सगळ्या धुण्याघासण्याला. त्याचं म्हणणं असं, की स्वच्छतेत या चार गोष्टींचा मिळून वाटा पूर्ण व्हावा लागतो. एक कमी केली तर तिचा वाटा बाकीच्यांनी उचलायचा. थंड पाणी, साधा साबण आणि दोन मिनिटं एवढ्यातच आटपायचं म्हटलं तर सगळा बोजा मनगटावर येणारच. वेळ वाढवला तर जोर कमी पुरतो. घरकामाला येणाऱ्या मावशींना पाच घरं उरकायची असतात. त्यांच्याकडे वेळ नसतो म्हणून त्या तारेची घासणी उचलतात, आणि मग घरातली मंडळी चरे पडल्याबद्दल त्यांनाच बोलतात. त्या यायच्या अर्धा तास आधी ओलं फडकं घालून ठेवणं घरच्यांना काही जड नाही.

घासणीबद्दलही दोन शब्द. पदार्थ किती कठीण हे मोज नावाच्या खनिजतज्ज्ञानं केलेल्या एक ते दहाच्या मोजपट्टीवर सांगतात. काच साडेपाचच्या आसपास, खायचा सोडा अडीच. वाळू सात. नेहमीच्या खरखरीत हिरव्या घासणीत बहुधा ॲल्युमिनियम ऑक्साइडचे कण असतात आणि ते नऊवर, म्हणजे हिऱ्याच्या फक्त एक पायरी खाली. ही घासणी काचेवर चरे पाडणार आणि स्टीलचं पॉलिश घालवणार, यात शंका नको. भाताच्या तुसाच्या राखेत सिलिका भरपूर असते, म्हणून तीही चकचकीत पृष्ठभागाला वर्ज्य. साध्या लोखंडी तारेच्या घासणीचा उपद्रव आणखी वेगळा. तिचे बारीक तुकडे स्टीलमध्ये रुतून राहतात, दमट हवेत गंजतात आणि मग ‘स्टेनलेस म्हणून घेतलं आणि गंज चढला’ अशी तक्रार सुरू होते.

स्टेनलेस स्टील गंजत नाही ते त्याच्या कातडीमुळे. १९१३ साली इंग्लंडमधल्या शेफील्डमध्ये हॅरी ब्रिअर्ली बंदुकीच्या नळ्या लवकर झिजू नयेत म्हणून वेगवेगळी पोलादं तपासत होता. त्यात क्रोमियम घातलेलं पोलाद आम्लालाही दाद देईना. पोलादात साडेदहा टक्क्यांच्या वर क्रोमियम असलं की त्याच्या ऑक्साइडचा काही नॅनोमीटर जाडीचा थर आपोआप धरतो आणि ओरखडा पडला तर पुन्हा भरून येतो. या थराचा वैरी क्लोराइड. म्हणजे मीठ, आणि म्हणजे ब्लीच. आमटीचा खारट थेंब रात्रभर वाळू दिला, रोज दिला, की त्याखाली टाचणीच्या टोकाएवढी खळगी पडते. संडास साफ करायचं आम्ल हायड्रोक्लोरिक असतं, त्यातही क्लोराइड. शेगडी ‘एकदम नवी’ करायच्या नादात ते ओतणारे लोक आहेत. शेगडी काही तास खरंच उजळ दिसते, पण त्यानंतर जी मळकट होते ती कायमची. ब्लीच आणि आम्ल एकत्र आलं तर क्लोरीन वायू निघतो, आणि गॅसचा ओटा बहुतेक घरांत भिंतीच्या कोपऱ्यात असतो.

स्टीलवर बर्नरजवळ सोनेरी, जांभळी, निळी झाक येते तिला लोक जळका डाग समजून घासत बसतात. तो डाग नाहीच. तापल्यामुळे वरचा ऑक्साइडचा थर जाड झाला आणि त्याच्या वरच्या-खालच्या बाजूनं परतणारा प्रकाश एकमेकांत मिसळून रंग दिसू लागला. तीनशे अंशांच्या आसपास फिकट पिवळा, पाचशेच्या पुढे निळा. म्हणजे रंग बघून पत्रा किती तापला होता ते सांगता येतं. घासणीनं हा रंग जात नाही, आम्लानं जातो किंवा निदान फिका होतो. चमचाभर लिंबूसत्त्व वाटीभर गरम पाण्यात विरघळवून लावावं, दहा मिनिटं ठेवावं आणि धुऊन टाकावं.

या कामातलं खरं तेज आम्ल ऑक्झॅलिक. अमेरिकेत इंडियानापोलिस इथं एका रसायनतज्ज्ञाच्या असं ध्यानात आलं की रुबार्बची भाजी शिजवल्यावर काळवंडलेलं भांडं उजळ निघतं. रुबार्बमध्ये ऑक्झॅलिक आम्ल भरपूर. त्यातून १८८२ साली ‘बार कीपर्स फ्रेंड’ नावाची पूड निघाली आणि ती आजही विकली जाते. आपला आंबट चुका रुबार्बच्याच कुळातला आणि त्याच आम्लाचा. चुक्याची भाजी केल्यावर ॲल्युमिनियमचं काळपट पातेलं आतून लख्ख झालेलं पुष्कळांनी पाहिलं असेल. तो काळपटपणा भाजीत गेला, हेही त्यासोबत समजून घ्यायला हवं. ऑक्झॅलिक आम्लाची पूड विषारी आहे, तेव्हा हातमोजे घालून वापरावी आणि भरपूर पाण्यानं धुवावं.

पांढरे ठिपके बोअरच्या किंवा टँकरच्या जड पाण्याचे. कॅल्शियम-मॅग्नेशियमचे क्षार ते. व्हिनेगर किंवा लिंबूसत्त्व लावलं की मिनिटाभरात विरतात. पण शेगडीखालचा ओटा कशाचा आहे ते बघून. ग्रॅनाइटला काही होत नाही. जुन्या घरांतला कडप्पा आणि शहाबादी फरशी मात्र चुनखडीच्या जातीची. लिंबाचा रस पडला की डागाआधी दगडच विरघळू लागतो आणि तिथं फिकट, खरबरीत चट्टा उरतो, जो कशानंच जात नाही.

काचेच्या शेगडीची काच कडक केलेली असते. सहाशे अंशांच्या वर तापवून हवेच्या झोतानं झटकन थंड करतात. त्यामुळे तिचा पृष्ठभाग दाबाखाली आणि गाभा ताणाखाली राहतो. म्हणून ती भक्कम, आणि म्हणूनच एकदा फुटली की सगळीच्या सगळी बारीक खड्यांत उधळते. तापलेल्या काचेवर थंड पाणी ओतू नये आणि खोल चरा पडू देऊ नये, कारण त्या चऱ्याला गाभ्यातल्या ताणापर्यंत वाट मिळाली तर संपलं. अशा काचेवर सोडा आणि फडक्याचा उपाय, मग प्लास्टिकची कड, एवढंच पुष्कळ.

परदेशात राहणाऱ्या आपल्या मंडळींची गाठ वेगळ्या काचेशी पडते. तिथल्या भाड्याच्या घरांत विजेवर तापणारी सपाट काळी शेगडी असते. ती साधी काच नसून काच-सिरॅमिक. १९५३ साली अमेरिकेतल्या कॉर्निंग कंपनीत डोनाल्ड स्टूकी यांची भट्टी सहाशे अंशांऐवजी नऊशेवर गेली, आतला काचेचा तुकडा बाहेर काढताना निसटून खाली पडला आणि फुटलाच नाही. त्यातून या पदार्थांची सुरुवात झाली. शेगडीसाठी वापरतात तो प्रकार तापला तरी जवळजवळ प्रसरण पावत नाही. त्याचा शत्रू मात्र पाक. रव्याच्या लाडवांचा पाक सांडला आणि थंड झाला, की आकसताना काचेला घट्ट धरून तिचा टवका ओढून काढतो. इतर सगळे डाग निवल्यावर काढायचे, हा एकच गरम असताना. आच बंद करून, लांब दांड्याच्या पात्याच्या खरवडणीनं, पातं अगदी आडवं धरून, हात भाजणार नाही असं. घर सोडताना मालक अनामत रकमेतून पैसे कापतो ते बहुधा या टवक्यांचेच. गॅसच्या शेगडीवर पाकाचं एवढं भय नाही. साखर पाण्यात विरघळते आणि नुसतं गरम पाणी घालून ठेवलं की सुटते. पार काळी झालेली असेल तर ती आता साखर उरलेली नाही, तिला सोडाच हवा.

बर्नर सगळ्यात शेवटी, आणि आधी रेग्युलेटर बंद करून. एक भाग एलपीजी नीट जळायला पंचवीस-तीस भाग हवा लागते. त्यातली थोडी हवा गॅसबरोबर खालूनच मिसळून येते. भोकांत दूध किंवा पीठ अडकलं की हे प्रमाण बिघडतं, ज्योत पिवळी पडते आणि पातेल्याच्या बुडाला काजळी धरते. पितळी टोपी चिंचेच्या कोळात तासभर ठेवली की चिंचेतलं टार्टारिक आम्ल तिच्यावरची काळपट पुटं काढतं. भोकं टाचणीनं किंवा बारीक तारेनं आतून बाहेर मोकळी करावीत, पण भोक रुंद होईल इतकी कोरू नयेत. काडेपेटीची काडी घालू नये, ती आत मोडते. धुतल्यावर टोपी झटकून उन्हात किंवा पंख्याखाली खडखडीत वाळवावी आणि खाचेत नीट बसवावी.

एवढं करून शेगडी पेटवली आणि ज्योत तरीही नारिंगी-पिवळी दिसली, तर लगेच कारागिराला फोन करू नका. बुडाला काजळी धरत नसेल तर भोकं बुजलेली नाहीत. सोड्याच्या पाण्याचा अंश टोपीत राहिला असेल, आणि सोडियम ज्योतीत गेलं की असाच पिवळा रंग देतं. टोपी निवू द्या, साध्या पाण्यात पुन्हा एकदा खळबळून धुवा आणि वाळवून लावा.